लग्नाची कॅसेट कोणत्या फाइलीत ठेवायची?

अंबरनाथ-बदलापूरच्या जुन्या चाळींत आणि उल्हासनगरच्या कॅम्पांतल्या घरांत दिवाळीची साफसफाई निघाली की माळ्यावरून हमखास खाली येते ती काळ्या प्लॅस्टिकची, जाडजूड पुस्तकाएवढी व्हीएचएस कॅसेट. पाठीवरच्या पट्टीवर शाईने लिहिलेली दोन नावं आणि तारीख. घरातलं कुणीतरी ती हातात घेऊन म्हणतं, ‘आता ही लावायची कशावर?’ मग कॅसेट पुन्हा माळ्यावर जाते, नाहीतर भंगारवाल्याकडे. कुणी फारच मनावर घेतलं तर ती दुकानात जाते आणि तिची ‘सीडी’ होऊन येते. या तिसऱ्या वाटेने गेलेल्या घरांचं नुकसान मला जास्त सलतं, कारण त्यांना वाटतं की आपण आठवण जपली. प्रत्यक्षात कोणत्या फाइलीत जपली, यावर सगळं अवलंबून असतं.

१९८२ मध्ये दिल्लीच्या एशियाडच्या निमित्ताने दूरदर्शन रंगीत झालं, त्याच सुमारास परदेशातून व्हीसीआर आणण्यावरचे निर्बंधही सैल झाले. पुढच्या काही वर्षांत लग्नाला फोटोग्राफरच्या जोडीला व्हिडिओवाला दिसू लागला. खांद्यावर कॅमेरा, मागे हॅलोजनचा दिवा उंच धरून उभा असलेला मुलगा, पायात घुटमळणारी लांबलचक वायर. काही आठवड्यांनी ‘मिक्सिंग’ होऊन, म्हणजे मधे फुलं-बदाम उमलवून आणि गाणी टाकून, कॅसेट घरी यायची.

या कॅसेटींत केवळ लग्नं नाहीत. फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या निर्वासितांना कल्याणजवळच्या लष्करी छावणीत जागा मिळाली. ८ ऑगस्ट १९४९ ला गव्हर्नर जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी यांच्या हस्ते कोनशिला बसली आणि छावणीचं उल्हासनगर झालं. १९४७ साली विशी-पंचविशीत असलेली माणसं १९८५ ते १९९५ मधल्या लग्नांत घरातली आजी-आजोबा होती. सिंधमधली गल्ली आणि इथली बराक दोन्ही अंगाने अनुभवलेल्या त्या पिढीचं चालणं, हातवारे, सिंधी बोलण्याची लकब कित्येक घरांत फक्त या फितींवर उरली आहे. तीच गोष्ट अंबरनाथची. विमको आगपेटी कारखान्यातल्या आणि ऑर्डनन्स फॅक्टरीतल्या माणसांचे निरोप समारंभ, मंडळांचे गणपती, शके ९८२ च्या शिवमंदिरातली महाशिवरात्रीची यात्रा, शेतं अजून शेतंच होती तेव्हाचं बदलापूर, हे सगळं लग्नाच्या चित्रणात पाठीमागे सहज येऊन गेलेलं असतं. वराती ज्या रस्त्यांवरून गेल्या ते रस्ते आज ओळखू येत नाहीत.

आणि वेळ थोडा आहे. फुनाई या जपानी कंपनीने जुलै २०१६ मध्ये व्हीसीआर बनवणं थांबवलं, त्यानंतर नवा यंत्रसंच कुठेही तयार झालेला नाही. युनेस्को आणि दृक्‌श्राव्य संग्रहालयांची आंतरराष्ट्रीय संघटना ‘आयासा’ यांनी २०१९ मध्ये चुंबकीय फितींविषयी जगभर इशारा दिला तो याच कारणाने. फीत तग धरून असेलही, पण ती वाचणारी यंत्रं, त्यांचे हेड आणि ते दुरुस्त करणारे हात संपत चालले आहेत. २०२५ च्या सुमारास बऱ्याच ठिकाणी हे काम अशक्य होईल, असा तो इशारा होता.

आता फितीवर नेमकं काय असतं ते पाहू, कारण फाइलीचा निर्णय त्यावरूनच होतो.

सिनेमाच्या रिळावर चित्रं असतात, उजेडासमोर धरली तर डोळ्यांना दिसतात. व्हीएचएसच्या अर्धा इंची फितीवर लोह ऑक्साइडचा थर असतो आणि त्यात फक्त चुंबकत्वाचे चढउतार. व्हीसीआरमध्ये ६२ मिलिमीटर व्यासाचा, जरा कलता बसवलेला ड्रम मिनिटाला १५०० फेऱ्या मारतो. त्यावर समोरासमोर दोन हेड. फीत सावकाश सरकते आणि हेड तिच्यावर तिरक्या रेघा मारत जातात. भारतात टीव्हीची पद्धत ‘पाल’. एका चित्रात ६२५ ओळी, सेकंदाला २५ चित्रं. पण प्रत्येक चित्र दोन हप्त्यांत रंगवलं जातं, आधी एकाआड एक ओळी, मग मधल्या राहिलेल्या. अशा अर्ध्या चित्राला ‘फील्ड’ म्हणतात आणि फितीवरची एक तिरकी रेघ म्हणजे एक फील्ड. कॅमेऱ्याने सेकंदाला ५० वेगवेगळे क्षण टिपलेले असतात, हे ध्यानात ठेवा.

एक ओळ ६४ मायक्रोसेकंदांची. त्यातले सुमारे ५२ मायक्रोसेकंद चित्राचे, बाकीच्यात ‘इथे ओळ सुरू होते’ असं टीव्हीला सांगणाऱ्या खुणा. विद्युतदाब वर गेला की उजेड, खाली आला की अंधार. व्हीएचएसची झेप मोठी नव्हती. उजेड-अंधाराचा तपशील ३ मेगाहर्ट्‌झच्या आसपास संपतो. रंगाला तर त्याहून खूप खाली, ६२७ किलोहर्ट्‌झपाशी, चिंचोळ्या जागेत बसवलेलं असतं. नवरीच्या लाल शालूचा रंग काठाबाहेर सांडल्यासारखा दिसतो तो यामुळे, व्हिडिओवाल्याच्या हातामुळे नव्हे.

या सतत हलणाऱ्या दाबाचे आकडे करण्याचा नियम १९८२ मध्येच ठरला. त्याचं नाव ‘रेक ६०१’. सेकंदाला १ कोटी ३५ लाख वेळा दाब मोजायचा. ६४ मायक्रोसेकंदांच्या ओळीत ८६४ मोजमापं होतात, त्यातली चित्राची ७२० ठेवायची. ६२५ पैकी दिसणाऱ्या ओळी ५७६. म्हणून ७२० गुणिले ५७६ हा आकडा जुन्या व्हिडिओच्या कामात जागोजागी भेटतो. उजेडाचं माप प्रत्येक ठिकाणी घ्यायचं, रंगाची दोन मापं एक ठिकाण सोडून एक. याला ‘४:२:२’ म्हणतात. प्रत्येक माप १० बिटांत लिहिलं तर सेकंदाला सुमारे २०७ मेगाबिट होतात आणि तासाला ९३ गिगाबाइट. तीन तासांची ‘ई-१८०’ कॅसेट भरलेली असेल तर २८० गिगाबाइट.

२००० साली हा आकडा ऐकून कुणीही हात टेकले असते, म्हणून तेव्हाच्या दुकानदारांना मी दोष देत नाही. कॅसेट जायची व्हीसीडीवर. व्हीसीडीचं चित्र ३५२ गुणिले २८८, म्हणजे आडव्यात निम्मे बिंदू आणि उभ्यात निम्म्या ओळी. त्या निम्म्या ओळी मिळवायच्या सोप्या मार्गात दोनपैकी एक फील्ड सरळ टाकून दिलं जाई. सेकंदाचे ५० क्षण २५ वर आले. उरलेलं चित्र एमपेग-१ ने दाबून सेकंदाला १.१५ मेगाबिटांत कोंबलेलं.

याचा परिणाम पाहायचा असेल तर अशा सीडीवर अक्षता पडतात ती जागा लावून बघा. मंगलाष्टक संपतं, चहूबाजूंनी हात उठतात आणि शेकडो बारीक दाणे एकदम हवेत येतात. चित्र दाबणाऱ्या गणिताला हा प्रसंग सगळ्यात जड जातो. मागच्या चित्रातलं काय तसंच राहिलं आणि काय सरकलं, हे शोधून ते जागा वाचवतं. इथे काहीच जागेवर नसतं आणि प्रत्येक दाण्याची दिशा वेगळी. बिटांचा कोटा संपतो आणि अक्षता जाऊन चौकटी उरतात. शेजारी उभ्या असलेल्या आजीचा चेहराही त्या सेकंदाला चौकटींचा होतो. मूळ फितीवर तो चेहरा आहे, सीडीवर नाही. आणि सीडी झाली म्हणून कॅसेट टाकून दिली असेल तर तो आता कुठेच नाही.

डीव्हीडी पुष्कळ बरी. तिच्यात ७२० गुणिले ५७६ आणि दोन्ही फील्ड राहतात. पण एमपेग-२ ची दाबणी आहेच. शिवाय घरी लिहिलेल्या सीडी-डीव्हीडीतला रंगद्रव्याचा थर आपल्याकडच्या दमट हवेत फार वर्षं भरवशाचा नाही. आजची दुकानं पेन ड्राइव्हवर एमपी-४ देतात. मोबाइलवर बघायला, काका-मामांना व्हॉट्सॲपवर पाठवायला ती सोयीचीच आहे. अडचण एवढीच की ती करताना फील्ड बहुधा एकमेकांत मिसळून टाकलेली असतात, कधी चित्र ताणून रुंद केलेलं असतं, कधी ‘स्वच्छ’ करण्याच्या नादात चेहऱ्यांचा पोतच पुसलेला असतो. हे सगळं परत न फिरणारं आहे. उद्या याहून चांगली साधनं येतील तेव्हा त्यांना द्यायला मूळ हाताशी हवं.

म्हणून संग्रहालयांची रीत दोन फाइलींची. एक बघायची, एक ठेवायची. ठेवायच्या फाइलीत सिग्नलमधलं मोजलेलं काहीही गमवायचं नाही.

काही न गमवता आकार कमी करता येतो. पैठणी घडी घालून ठेवली तर जागा कमी लागते आणि उलगडली की पदरावरचा मोर न् मोर जागच्या जागी असतो. कात्रीने कापून बसवली तर जागा त्याहून कमी लागते, पण नेसता येत नाही. व्हीसीडी, डीव्हीडी, एमपी-४ यांत कात्री आहे. नुसती घडी घालणाऱ्या पद्धतीला ‘लॉसलेस’ म्हणतात आणि जुन्या व्हिडिओसाठी त्यातली सगळ्यात भरवशाची म्हणजे ‘एफएफव्ही१’.

तिचा जन्म कुठल्या संग्रहालयात झालेला नाही. एफएफएमपेग नावाचा एक मुक्त सॉफ्टवेअर प्रकल्प आहे, त्यात ऑस्ट्रियाचा मिखाएल नीडरमायर याने २००३ च्या सुमारास ती लिहिली. पुढे व्हिएन्नाच्या ऑस्ट्रियन मेडियाथेकने आपल्या व्हिडिओ संग्रहासाठी ती निवडली आणि इतर संग्रहालयं तिच्याकडे वळली. २०१३ मध्ये तिची तिसरी आवृत्ती पक्की झाली, तीच आज वापरायची. प्रत्येक बिंदूचं मूल्य आसपासच्या बिंदूंवरून अंदाजायचं आणि अंदाज व प्रत्यक्ष यांतला फरक तेवढा लिहून ठेवायचा, अशी तिची युक्ती. अंदाज चांगला तर फरक छोटा आणि फाइलही छोटी. उलगडताना तोच अंदाज पुन्हा करून फरक मिळवला की मूळ आकडे जसेच्या तसे परत. व्हीएचएसच्या चित्रात मुंग्या खूप असतात, त्यामुळे घडी फार बारीक होत नाही. तरी तासाचे ९३ गिगाबाइट साधारण निम्म्यावर येतात.

मला तिच्यातली सगळ्यात मोलाची गोष्ट वाटते ती वेगळीच. तिसऱ्या आवृत्तीत प्रत्येक चित्राचे लहान तुकडे पाडून प्रत्येक तुकड्यामागे एक पडताळा आकडा ठेवता येतो. दहा वर्षांनी हार्ड डिस्कचा एखादा कोपरा खराब झाला तर अमुक मिनिटाच्या अमुक चित्रातला हा तुकडा बिघडला आहे, हे फाइल स्वतः सांगते. बिघाड त्या तुकड्यापुरताच राहतो. शिवाय पुढचं चित्र मागच्यावर अवलंबून नसावं अशी मांडणी करता येते, मग एक चित्र गेलं म्हणून पुढचा अर्धा सेकंद जात नाही.

एफएफव्ही१ हा चित्राचा भाग. चित्र, आवाज आणि माहिती एकत्र ठेवायला पेटी लागते. ती ‘मात्रोस्का’, फाइलीच्या नावाच्या शेवटी एमकेव्ही दिसतं ती. ही अक्षरं पायरेटेड सिनेमांमुळे आपल्याकडे बदनाम आहेत, पण पेटीचा त्यात दोष नाही. आधी कोणतं फील्ड, चित्र चारास तीन या प्रमाणात दाखवायचं, ही टिपणं तिच्यात नीट राहतात. हे प्रमाण नोंदवलं नाही तर आज ना उद्या कुणाच्या तरी पडद्यावर नवरा-नवरी जाडजूड दिसणार. आवाज न दाबता पीसीएममध्ये ठेवावा, त्याला जागा नगण्य लागते. कॅसेटच्या पट्टीचा फोटोसुद्धा याच पेटीत आत जोडून ठेवता येतो, म्हणजे नावं आणि तारीख चित्रापासून सुटत नाहीत.

ही पद्धत आणि ही पेटी, दोन्ही कुणा कंपनीच्या मालकीच्या नाहीत. इंटरनेटचे नियम ठरवणाऱ्या आयईटीएफ संस्थेने ऑगस्ट २०२१ मध्ये एफएफव्ही१ चा तपशील आरएफसी ९०४३ म्हणून प्रसिद्ध केला आणि २०२४ मध्ये मात्रोस्काचा आरएफसी ९५५९ म्हणून. म्हणजे पन्नास वर्षांनी सगळी आजची सॉफ्टवेअर नाहीशी झाली तरी ते कागद वाचून कुणीही नवं वाचक-साधन लिहू शकेल. अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसने वेगळा मार्ग धरला. तिथे जेपेग २००० हे लॉसलेस चित्र एमएक्सएफच्या पेटीत ठेवतात. उत्तम पद्धत आहे, पण तिला महागडी साधनं लागतात. घरासाठी आणि गावच्या वाचनालयासाठी एफएफव्ही१ हाच माझा कौल.

याच्याही एक पाऊल मागे जाणारी मंडळी आहेत. व्हीसीआर हेडकडून आलेल्या कच्च्या लहरीतून चित्र घडवतो आणि मग बाहेर देतो. या घडवण्यातही यंत्राच्या वयाप्रमाणे काही हरवतं. ‘व्हीएचएस-डीकोड’ या मुक्त प्रकल्पात व्हीसीआर उघडून हेडच्या ॲम्प्लिफायरपाशी तार जोडतात आणि पालमध्ये ३.८ ते ४.८ मेगाहर्ट्‌झ यांमध्ये हलणारी ती कच्ची लहरच मोजून घेतात. चित्र मग संगणकावर सॉफ्टवेअरने घडवायचं, आणि पुढे सॉफ्टवेअर सुधारलं की त्याच लहरीतून आणखी चांगलं. सिग्नल जपणं या शब्दांना सगळ्यात जागणारी पद्धत हीच. सोल्डरिंगचा हात असलेल्या माणसाला ती जमते, आणि उल्हासनगरच्या बाजारात तसे हात वाढले आहेत. इंजिनिअरिंगच्या मुलांनी प्रकल्प म्हणून हे करून पाहावं असं मला फार वाटतं.

आता प्रत्यक्ष कामाचं. कॅसेट दुकानात देण्याआधी घरी बघा. कडेचं छोटं बटण दाबून पुढची झडप उचला आणि उजेडात फीत, तशीच वरच्या पारदर्शक खिडकीतून तिच्या गुंडाळीची कड न्याहाळा. पांढरट पावडर किंवा जाळी दिसली तर ती बुरशी. चार महिने भिंतींना ओल येणाऱ्या आपल्या भागात ती साहजिक आहे. अशी कॅसेट तशीच व्हीसीआरमध्ये घातली तर हेड माखतं आणि पाठोपाठ लावलेल्या चांगल्या कॅसेटींनाही लागण होते. आधी साफ करून घ्यायला सांगा. मागच्या कडेची छोटी पत्ती तुटलेली नसेल तर ती तोडा, म्हणजे चुकूनसुद्धा वरून रेकॉर्डिंग होणार नाही.

दुकानदाराला विचारायचं ते एवढंच. व्हीसीआरमागे टाइम बेस करेक्टर आहे का? जुन्या फितीत ओळी थरथरतात, चित्र वरून वाकडं होतं, ते हे यंत्र सावरतं. फाइल लॉसलेस मिळेल का, दोन्ही फील्ड तशीच ठेवून? स्वस्तातले यूएसबी डोंगल बहुतेक वेळा चित्र तिथल्या तिथे दाबतात आणि फीत अडखळली की चित्रं गाळतात, मग आवाज आणि ओठ यांचा मेळ सुटतो. ‘लॉसलेस देत नाही’ असं उत्तर आलं तर निदान डीव्ही फाइल मागा, तासाला १३ गिगाबाइटची. रंगात ती थोडी कमी पडते, तरी एमपी-४ पेक्षा कितीतरी भली. मिनीडीव्ही कॅसेटी मात्र मुळातच डिजिटल आहेत. त्या फायरवायरने उतरवायच्या आणि ती डीव्ही फाइल तशीच ठेवायची, काहीही बदल न करता.

भरलेल्या दहा कॅसेटी म्हणजे फार तर तीस तास, एफएफव्ही१ मध्ये सुमारे दीड हजार गिगाबाइट. दोन टेराबाइटच्या एका डिस्कवर आख्ख्या घराण्याची लग्नं बसतात. अशा डिस्क दोन घ्या. प्रत्येक फाइलीचा ‘एमडी५’ हा पडताळा आकडा काढून सोबत लिहून ठेवा आणि वर्षाकाठी एकदा पडताळा.

दुसरी डिस्क दुसऱ्या घरात ठेवा, आणि ते घर उल्हास किंवा वालधुनीच्या काठचं नसू द्या. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, त्याच पुरात उल्हास नदी बदलापूरपासून कल्याणपर्यंत सखल वस्त्यांत शिरली. जुलै २०१९ मध्ये बदलापूर आणि वांगणीच्या मधे महालक्ष्मी एक्स्प्रेस पाण्यात उभी राहिली होती. अशा पाण्यात कॅसेट भिजली तर उन्हात वाळवू नका, हेअर ड्रायर लावू नका, फ्रीझरमध्ये टाकू नका आणि ‘चालते का’ म्हणून लावून तर मुळीच बघू नका. चिखल फितीवर सुकला की तो काढताना थरही निघून येतो. गार जागी ठेवून, सुकण्याआधीच जाणकाराकडे न्या. डिस्टिल्ड पाण्याने धुऊन सावलीत हळूहळू वाळवलेल्या फिती पुष्कळदा पुन्हा चालतात.

फाइल झाली तरी कॅसेट फेकायची नाही. पुस्तकासारखी उभी, कोरड्या कपाटात, स्पीकर आणि लोहचुंबकापासून दूर ठेवायची.

हे सगळं प्रत्येक घराने एकट्याने करावं अशी अपेक्षा मी धरत नाही. बदलापूरला श्याम जोशी यांनी ‘ग्रंथसखा’ वाचनालय उभारून दुर्मिळ मराठी पुस्तकं आणि नियतकालिकं जपली. एका माणसाच्या ध्यासातून एवढं होऊ शकतं, हे या पट्ट्याने डोळ्यांनी पाहिलं आहे. चित्रफितींसाठी लागणारी सामग्री त्या मानाने थोडी आहे. चालू स्थितीतले दोन व्हीसीआर, एक टाइम बेस करेक्टर, एक कॅप्चर कार्ड, एक संगणक आणि आठवड्यातून दोन संध्याकाळी देणारी चार माणसं. तीन गावांतल्या एखाद्या वाचनालयाने, सिंधी पंचायतीने किंवा कॉलेजने हे मनावर घ्यावं. तुमच्याकडे अजून चालणारा व्हीसीआर असेल, तर तो या महिन्यात भंगारात देऊ नका. आधी शेजाऱ्यापाजाऱ्यांना विचारा, कुणाच्या माळ्यावर कॅसेट आहे का.